टिंबानंतरचा आकडा

जांघेतल्या हर्नियाला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत के-४० हा क्रमांक आहे. त्यापुढे एक टिंब आणि टिंबापुढे आणखी एक आकडा. हर्निया एका बाजूचा आणि साधा असेल तर ९. आतडं अडकलं असेल, पण सडलं नसेल तर ३. सडलं असेल तर ४. इस्पितळातल्या संगणकावर हा आकडा निवडायला दोन सेकंदही लागत नाहीत. पण के-४०.९ चा के-४०.४ कसा होतो हे समजून घ्यायचं असेल, तर पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांकडे पाहावं.

माणूस भाताच्या आवणीला दिवसभर वाकतो, सरपणाचा भारा उचलतो, दिवाळीनंतर वीटभट्टीवर कच्च्या विटा वाहतो. कधी तरी जांघेत गाठ दिसते. झोपलं की आत जाते, उठलं की बाहेर येते. दुखत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं राहते. आरोग्य केंद्रात दाखवली तर डॉक्टर म्हणतात, ‘ऑपरेशन करून घ्या, दादा.’ दादा मान हलवतात आणि कामाला लागतात, कारण ऑपरेशन म्हणजे इस्पितळातले दिवस आणि पुढे काही आठवडे ओझं उचलायचं नाही. ओझं न उचलता या भागात मजुरी मिळत नाही. मग एखाद्या रात्री गाठ आत जायचं नाकारते. पोट फुगतं, उलट्या सुरू होतात. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत झोळी, तिथून जीप किंवा १०८ ची गाडी, तालुक्याच्या रुग्णालयात सलाईन आणि चिठ्ठी, आणि पुढे नाशिक, ठाणे किंवा सिल्वासा. जव्हारहून नाशिक सुमारे ऐंशी किलोमीटर. मोखाडा मागे टाकून तोरंगणचा घाट चढायचा, मग त्र्यंबकेश्वर. गाठ अडकली तेव्हाच ९ चा ३ झालेला असतो; या वाटेवर कुठं तरी ३ चा ४ होतो.

शल्यचिकित्सेच्या हिशेबातली अडचण म्हटली की शहरातल्या वाचकाला कॅशलेसची खोळंबलेली मंजुरी आठवते, डिस्चार्जच्या दिवशी बिलिंग काउंटरवर गेलेली दुपार आठवते. विमा नियामकाने मे २०२४ मध्ये फर्मान काढलं, की कॅशलेसची मंजुरी तासाभरात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यावी. ते चांगलंच झालं. पण या लेखाचा विषय ज्यांचा विमा सरकार काढतं त्यांचा आहे, आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा. तिथेही कोड आहेत, पॅकेजं आहेत, मंजुरी आहे, क्वेरी आहे आणि नामंजुरीही आहे. फरक एवढाच, की तिथे काउंटरवर भांडायला कुणी येत नाही.

महाराष्ट्रात या व्यवस्थेची सुरुवात २ जुलै २०१२ ला झाली. आंध्र प्रदेशातल्या आरोग्यश्री योजनेच्या धर्तीवर राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पहिल्या आठांत तेव्हाचा ठाणे जिल्हा नव्हता, म्हणजे जव्हार-मोखाडाही नव्हते. नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना राज्यभर गेली. ९७२ उपचार, कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांचं कवच, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड हीच ओळख. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला. १ एप्रिल २०१७ पासून योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, एप्रिल २०२० पासून दोन्ही एकत्र चालू लागल्या. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने कवच पाच लाखांवर नेलं, उपचारांची संख्या १,३५६ केली आणि राज्यातलं प्रत्येक कुटुंब योजनेत घेतलं. पुढे २०२५ मध्ये उपचार २,३९९ पर्यंत वाढवायचं ठरलं. आकडे पाहून कुणालाही वाटावं, की आता राहिलं काय?

राहिलं ते कागदावर उतरवणं. प्रत्येक उपचाराला एक कोड, प्रत्येक कोडला एक ठरलेली रक्कम. आयुष्मान भारतच्या यादीत सामान्य शल्यचिकित्सेचे कोड ‘एसजी’ या अक्षरांनी सुरू होतात, पुढे तीन आकडे पॅकेजचे, शेवटी एक अक्षर नेमक्या शस्त्रक्रियेचं. रुग्णाचं निदान एका यादीतून, शस्त्रक्रिया दुसऱ्या यादीतून, आणि या दोहोंची सांगड वयाशी, लिंगाशी, सोनोग्राफीशी आणि फोटोशी जुळायला हवी. जुळली नाही की क्वेरी, म्हणजे शंका, येते.

समजा, जव्हार तालुक्यातल्या वावरचा पंचेचाळिशीतला एक माणूस हर्निया घेऊन एखाद्या अंगीकृत रुग्णालयात पोचला. दाराशीच आरोग्यमित्राचं टेबल असतं. योजनेतला हा पहिला आणि बहुतेकदा एकमेव माणूस, जो रुग्णाशी मराठीत बोलतो. त्याचा पहिला प्रश्न आजाराचा नसतो. ‘काका, रेशनकार्ड आणलं का? आधार?’ रेशनकार्ड थोरल्या भावाकडे असतं, कारण कुटुंब विभक्त झालं तरी कार्ड झालेलं नसतं. आधारवर नाव एक, कार्डावर दुसरं. आडनाव एका ठिकाणी आहे, दुसऱ्या ठिकाणी वडिलांचंच नाव आडनाव होऊन बसलंय. जन्मतारीख बहुतेकांची १ जानेवारी. विटांनी आणि मातीने झिजलेली बोटं यंत्रावर उमटत नाहीत. ओटीपीसाठी दिलेला मोबाइल नंबर मेव्हण्याचा, आणि मेव्हणा भिवंडीला. ओळख पटवण्याच्या या पायरीवर सगळ्यांत जास्त रुग्ण अडकतात ते त्या समाजांतले, ज्यांच्यासाठी योजना मुळात काढली. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात त्यांना आयुष्मान कार्ड घरपोच मिळावं असं ठरलं, ते अगदी याच कारणासाठी.

ओळख पटली की पूर्वमंजुरी. सगळे तिला ‘प्री-ऑथ’ म्हणतात. केसपेपर, सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, भूलतज्ज्ञाचा शेरा हे सगळं स्कॅन करून वर चढवायचं. पलीकडे कुणी तरी डॉक्टर ते पाहतो आणि हो किंवा नाही म्हणतो, किंवा तिसरं काही तरी म्हणतो. हे तिसरं सर्वांत त्रासदायक. अक्षर वाचता येत नाही. सोनोग्राफीवर तारीख नाही. हर्निया उजवा की डावा ते केसपेपरवर वेगळं, फॉर्मवर वेगळं. प्रत्येक शंका रास्त असते. पण प्रत्येक शंकेच्या उत्तरापर्यंत रुग्ण खाटेवर पडून असतो आणि त्याच्यासोबत आलेला माणूस वऱ्हांड्यात. त्या माणसाची मजुरी बुडत असते.

शस्त्रक्रिया झाल्यावर दुसरा अध्याय. ऑपरेशनची सविस्तर टिपणं, सर्जनची सही आणि नोंदणी क्रमांक, जखमेचा फोटो, जाळी बसवली असेल तर तिच्या पाकिटावरचं बारकोडचं लेबल, डिस्चार्ज कार्ड. अपेंडिक्स किंवा पित्ताशय काढलं असेल तर पॅथॉलॉजीचा अहवालही. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग असतो, चार संगणक आणि चार मुलं. तालुक्याच्या गावी हे काम सर्जन करतो, किंवा ज्या सिस्टरांना संगणक येतो त्या करतात. ऑपरेशनला पाऊण तास, कागदांना दीड. वीज गेली, नेट गेलं, की दुसऱ्या दिवशी पुन्हा. मला इथे सर्जनची बाजू घ्यावीशी वाटते. पोट उघडून सुखरूप शिवणाऱ्या माणसाला एका न दिसणाऱ्या तारखेसाठी तीनदा उत्तर लिहायला लावणं हा त्याच्या शिक्षणाचा अपव्यय आहे.

त्यात पोट ही काही आधी मंजुरी घेऊन उघडायची जागा नाही. अपेंडिक्स म्हणून आत जावं आणि टायफॉइडने आतड्याला पडलेलं भोक सापडावं, क्षयाने आकसलेला आतड्याचा तुकडा निघावा, हे सर्जनना नवं नाही. मंजूर झालेला कोड एक, केलेली शस्त्रक्रिया दुसरी. मग टेबलावर रुग्ण असतानाच कुणी तरी बाहेर जाऊन कोड बदलण्याची कारवाई सुरू करतं. नाही केली तर दावा मूळ कोडावर अडतो. एकाच वेळी दोन शस्त्रक्रिया केल्या, समजा हर्निया आणि हायड्रोसील, तर आयुष्मानच्या नियमाने मोठ्या पॅकेजची पूर्ण रक्कम मिळते, दुसऱ्याची निम्मी, तिसरं असेल तर पाव. भूल एकदाच, ओटी एकदाच, म्हणून हिशेब बरोबरच आहे. पण यातून एक वाकडा विचारही जन्मतो: हर्निया आज, हायड्रोसील दोन महिन्यांनी. ज्या रुग्णाला एकदा यायलाच आठ वर्षं लागली, त्याला पुन्हा बोलावणं म्हणजे दुसरं ऑपरेशन होणार नाही हे जवळजवळ ठरवणंच. जव्हार-मोखाड्यासारख्या भागात तरी एका वेळी दोन्हीची पूर्ण रक्कम द्यायला काय हरकत आहे?

आणखी एक अडचण इथल्या मातीतली आहे. शस्त्रक्रियेआधी रक्त तपासलं की हिमोग्लोबिन सहा, सात. कधी त्यामागे सिकलसेल निघतो. या आदिवासी पट्ट्यात तो आहे आणि त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालं. एवढ्या कमी रक्तावर भूलतज्ज्ञ भूल देणार नाही, आणि देऊही नये. आधी रक्त चढवायचं, माणूस उभा करायचा, मग ऑपरेशन. पण योजनेत औषधोपचाराचं पॅकेज दिवसांवर मोजतात आणि शस्त्रक्रियेचं ठोक रकमेत, आणि दोन्ही एकदम लावायला सहसा परवानगी नसते. म्हणजे भुकेने आणि रक्तक्षयाने खंगलेल्या माणसाला ऑपरेशनयोग्य करण्याचे जे आठ-दहा दिवस, ते हिशेबाच्या फटीत पडतात. शहरातल्या धडधाकट माणसाचा हर्निया आणि इथल्या माणसाचा हर्निया यांचा कोड एक, रक्कम एक. सर्जनचा वेळ, रुग्णालयाची खाट आणि जोखीम मात्र दुप्पट.

केंद्राच्या योजनेला या फरकाची कल्पनाच नव्हती असं नाही. आकांक्षित, म्हणजे विकासात मागे पडलेल्या, जिल्ह्यांतल्या रुग्णालयांना पॅकेजवर दहा टक्के जादा द्यायची तरतूद तिच्यात आहे. २०१८ च्या त्या यादीत महाराष्ट्रातून चार जिल्हे आले: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि तेव्हाचं उस्मानाबाद. पालघर नाही. कसं येणार? निर्देशांक जिल्ह्याचे धरले होते, आणि पालघर जिल्ह्यात वसई-विरार आहे, बोईसर-तारापूरचे कारखाने आहेत. विरारच्या इमारतींनी मोखाड्याच्या पाड्यांना सरासरीत श्रीमंत करून टाकलं. दर्जाचं मानांकन असलेल्या रुग्णालयालाही जादा रक्कम मिळते. मानांकन मोठ्या रुग्णालयांना परवडतं. त्यामुळे घाटापलीकडे नाशकात झालेल्या शस्त्रक्रियेला जव्हारात झालेल्या त्याच शस्त्रक्रियेपेक्षा जास्त पैसे मिळू शकतात. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, पण ते तसंच आहे.

आता एक आडवळण. ऐरोली आणि पुण्यातल्या काचेच्या इमारतींत हजारो मराठी मुलंमुली रोज हर्नियाच्या शस्त्रक्रिया कागदावर वाचतात. रुग्ण ओहायोचा असतो किंवा टेक्ससचा. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ मध्ये शस्त्रक्रियांची जी संहिता पहिल्यांदा छापली, तिच्यात पाच वर्षांवरच्या रुग्णाच्या जांघेतल्या, पहिल्यांदाच होणाऱ्या, साध्या हर्नियाच्या दुरुस्तीला ४९५०५ क्रमांक आहे. अडकलेल्या हर्नियाला ४९५०७. दोन्ही बाजूंचा असेल तर पुढे ५० चं शेपूट. सर्जनने टिपणात ‘अडकलेला’ हा शब्द लिहिला नसेल तर कोडरला तो गृहीत धरता येत नाही, त्याला सर्जनला विचारावं लागतं. म्हणून तिकडच्या सर्जनलाही रात्री बसून टिपणं पुरी करावी लागतात, आणि विमा कंपनीच्या नकाराशी झुंजायला तिकडेही माणसं ठेवावी लागतात. आपल्याकडे बी.एस्सी., बी.फार्म. झालेली मुलं या परीक्षा देतात, चांगला पगार मिळवतात. तेवढंच नेमकेपण शिकलेला एकही माणूस आपल्या उपजिल्हा रुग्णालयाच्या आकृतिबंधात नाही. सर्जनचं पद असतं, भूलतज्ज्ञाचं असतं (भरलेलं असो वा नसो), पण कोडरचं पद नसतंच. परदेशातल्या रुग्णाचा हिशेब चोख ठेवणारं मनुष्यबळ ठाणे खाडीच्या काठावर आहे. जव्हारचा हिशेब सिस्टर ड्युटी संपल्यावर ठेवतात.

त्या अमेरिकी क्रमांकात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ४९५०५ च्या रकमेत शस्त्रक्रियेनंतरचे ९० दिवस धरलेले असतात. त्या काळात सर्जनने त्या शस्त्रक्रियेसंबंधीची नेहमीची तपासणी वेगळे पैसे न घेता करायची. आपल्या फुले योजनेत सुट्टी मिळाल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं मोफत. जखम पिकली नाही तर दहा दिवस पुरतात. पण दहाव्या दिवशी आमचा माणूस कुठे असतो? दिवाळी झाली, भात घरात आलं, की जव्हार-मोखाड्यातले पाडे रिकामे होऊ लागतात. कुणी भिवंडी-वसईकडे भट्टीवर, कुणी नाशिकच्या द्राक्षबागांत, कुणी ठाण्यात बांधकामावर. टाके ओले असताना माणूस विटा उचलतो. हर्निया परत येतो. परत आलेल्या हर्नियाला पुन्हा नवा दावा, आणि त्या दाव्यावर शेरा, की पूर्वीची कागदपत्रं जोडा.

एवढ्या क्वेरी का काढतात, याला कारणही आहे, आणि ते सांगितलं नाही तर लेख एकांगी होईल. ठोक रकमेच्या योजना जिथे जिथे आल्या तिथे काही जणांनी त्या कापून खाल्ल्या. २०१२ मध्ये छत्तीसगडात राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेखाली बायकांची गर्भाशयं गरज नसताना काढल्याच्या तक्रारींनी देश हादरला. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या महालेखापालांच्या अहवालात आयुष्मानचे ७,४९,८२० लाभार्थी एकाच मोबाइल नंबरला जोडलेले निघाले, आणि तो नंबर म्हणजे दहा वेळा ९. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयाने मेहसाणा जिल्ह्यातल्या गावात शिबिर भरवून माणसं बसमधून नेली, हृदयाच्या रक्तवाहिन्यांत स्टेंट घातले, दोन जण दगावले. त्यामुळे फोटो मागणारा, तारीख तपासणारा डॉक्टर उगाच शत्रू ठरवू नये. माझी तक्रार वेगळी आहे. चोर रुग्णालयाकडे फाइल नेहमी नीटनेटकी असते. त्याचा फोटो स्वच्छ, बारकोड सरळ, सही ठसठशीत. कागद तपासून खोटं पकडायचं ठरवलं, की खोटं बोलणारा कागद सुधारतो आणि खरं काम करणारा, कागदात कच्चा असलेला, पकडला जातो. छाननी कागदांची न करता रुग्णांची केली, दर महिन्याला दहा पाड्यांत जाऊन जखमा पाहिल्या, तर खर्चही फार होणार नाही.

सरकारी रुग्णालयात आणखीच निराळी गंमत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सगळे उपचार मोफत झाले. केसपेपरचे पैसेही गेले. निर्णय उत्तम. पण त्याचा एक परिणाम असा, की जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयासारख्या ठिकाणी हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि दावा भरलाच नाही, तर रुग्णाला काहीच फरक पडत नाही. त्याचं बिल तसंही शून्य. फरक पडतो रुग्णालयाला. दावा मंजूर झाला तर रक्कम रुग्णालयाच्या खात्यात येते, त्यातून जाळी, धागे, औषधं घेता येतात, कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन भत्ता देता येतो. दावा भरला नाही तर हे पैसे येत नाहीत. आणि त्याहून वाईट म्हणजे योजना चालवणाऱ्या, वरळीच्या राज्य आरोग्य हमी सोसायटीच्या आकडेवारीत त्या तालुक्यात शस्त्रक्रिया होतच नाहीत असं दिसतं. शस्त्रक्रिया दिसत नाहीत, तर सर्जनची गरज दिसत नाही. पद रिकामं राहतं. पद रिकामं, म्हणून रुग्ण नाशिकला. तिथे दावा भरला जातो, नाशिकच्या नावावर. रोग जव्हारचा, नोंद नाशिकची, पैसाही नाशिकचा. आणि सिल्वासाला गेला तर नोंद राज्याबाहेरची.

नोंदीत न दिसणं म्हणजे काय, हे वावरला वेगळं सांगायला नको. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीतले बालमृत्यू वर्तमानपत्रांत आले आणि महाराष्ट्राला त्या गावांची नावं कळली. त्यानंतर १९९५ मध्ये आदिवासी भागांसाठी नवसंजीवन योजना आली, भरारी पथकं आली. पण तेव्हापासून आजतागायत एक वाद संपलेला नाही: मूल कशाने गेलं? नोंदवहीत लिहिलं जातं न्यूमोनिया, अतिसार, जन्मतः कमी वजन. ‘कुपोषण’ क्वचित. रोगांच्या त्याच वर्गीकरणात कुपोषणाला ई-४० ते ई-४६ असे सात क्रमांक आहेत, पण ते वापरले की विधिमंडळात प्रश्न येतो, न्यूमोनिया लिहिला की येत नाही. २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखवून दिलं, की सरकारी नोंदीत बालमृत्यूच कमी लागतात. कारणांची गोष्ट तर पुढचीच. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या खोच गावातल्या बालमृत्यूच्या निमित्ताने हाच वाद पुन्हा झाला. २०२२ च्या पावसाळ्यात त्याच तालुक्यातल्या मरकटवाडीत घरी बाळंत झालेल्या बाईची जुळी गेली आणि तिला झोळीतून मुख्य रस्त्यापर्यंत न्यावं लागलं. त्या मृत्यूंना वैद्यकीय क्रमांक मिळाला असेलच. रस्ता नसण्याला क्रमांक नाही.

तरीही मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात एक शहाणपण आहे. त्यात कारणाच्या एकाखाली एक ओळी असतात. पहिल्या ओळीत मृत्यूचं तात्कालिक कारण, त्याखाली ते ज्यामुळे उद्भवलं ते, आणि शेवटच्या ओळीत मूळ कारण. आकडेवारीत मोजलं जातं ते शेवटच्या ओळीतलं. न्यूमोनिया वर, खाली कुपोषण, असं लिहिण्याची सोय फॉर्ममध्ये आहे. लिहिणाऱ्याची तयारी हवी एवढंच. विम्याच्या दाव्यात मात्र ही उतरंड नाही. तिथे फक्त टेबलावर जे सापडलं ते. के-४०.४, आतडं सडलं, कापलं, जोडलं, एवढी रक्कम. आठ वर्षं गाठ होती, आरोग्य केंद्राने तीनदा सांगितलं होतं, तालुक्यात त्या महिन्यात भूलतज्ज्ञ नव्हता, घाटात गाडी दोन तास अडकली, हे लिहायला दाव्यात जागा नाही. दाव्यात एक ओळ वाढवावी: पहिल्यांदा दुखणं दाखवल्याची तारीख आणि ठिकाण, आणि तिथून इथपर्यंत यायला लागलेला वेळ. सोसायटीच्या संगणकाला ही ओळ जड नाही. तालुकावार ती मोजली, तर सर्जन आणि भूलतज्ज्ञ कुठे हवेत हे सांगायला दुसरा अहवाल लागणार नाही.

पैशाचं गणितही त्याच बाजूचं आहे. साध्या हर्नियाचं पॅकेज सरकारला स्वस्तात पडतं. सडलेलं आतडं, अतिदक्षता विभाग, दुसरी शस्त्रक्रिया, रक्ताच्या पिशव्या यांचा खर्च त्याच्या कितीतरी पट. तालुक्यात वेळेवर केलेलं ऑपरेशन ही दया नाही, काटकसर आहे. हे अर्थखात्याला पटायला हरकत नसावी.

म्हणून एक साधी मागणी. आवणी आटोपली की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आशाताईंनी पाड्यापाड्यातून हर्निया, हायड्रोसील, गाठी असलेल्या माणसांची यादी करावी. त्याच फेरीत रेशनकार्ड, आधार आणि आयुष्मान कार्डाची जुळणी व्हावी, म्हणजे इस्पितळाच्या दारात ती करावी लागणार नाही. ज्यांचं रक्त कमी त्यांना तेव्हाच औषधं सुरू व्हावीत. बाहेरून सर्जन आणि भूलतज्ज्ञ आणावे लागले तर आणावेत, पण शस्त्रक्रिया जव्हारलाच व्हाव्यात आणि दावे जव्हारच्याच नावावर भरले जावेत, त्यासाठी एक शिकलेला कोडर नेमून. आणि ओझं न उचलण्याच्या आठवड्यांची बुडीत मजुरी पॅकेजमध्ये धरावी. नवसंजीवनमध्ये आजारी बालकांच्या पालकांसाठी बुडीत मजुरीची कल्पना सरकारने कधीच मान्य केलेली आहे. ती बापालाही लागू करायची आहे.

तोवर वाचकाच्या हातात थोडं आहे. तुमच्या इमारतीच्या बांधकामावर, सोसायटीच्या गेटवर, गावाकडच्या बागेत जव्हार-मोखाड्याचा कुणी असेल आणि जांघेतल्या गाठीकडे दुर्लक्ष करत असेल, तर त्याला सांगा, की हे ऑपरेशन योजनेत आहे आणि गाठ दुखत नाही तेव्हाच करायचं असतं. गाठ कडक होऊन आत जात नसेल आणि उलट्या होत असतील, तर सकाळची वाट पाहायची नाही; १०८ ला फोन करायचा. रुग्णालयाने योजनेतून नाही म्हटलं, तर कारण लेखी मागायचं, आरोग्यमित्राचं नाव विचारायचं आणि फुले योजनेच्या १५५३८८ किंवा आयुष्मानच्या १४५५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवायची. तिन्ही फोन फुकट लागतात.